कलती गाडी आणि काटेकाकांचा काटा

काटेकाकांना विमानाचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते जावयाच्या एका वाक्याचं, आणि ते वाक्य त्यांच्या कानावर पडावं अशी जावयाचीही इच्छा नव्हती. पण मुलीने फोन स्पीकरवर टाकला होता आणि जावई मागून कुठूनतरी, बहुधा कपाट आवरता आवरता, मोकळ्या मनाने बोलत होता.

"त्यांना म्हणावं विमानानेच या, तिकिटं मी काढतो. आणि तो पितळी सांगाडा आणू नका म्हणावं. कोण वापरतं असलं हल्ली? शिवाय या वयात त्यांना झेपणार आहे का ते ओझं?"

काकांनी मनातल्या मनात मोजलं. एका दमात तीन अपमान. एक त्यांच्या तराजूचा, एक त्यांच्या वयाचा आणि एक त्यांच्या खांद्यांचा. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि एरवी फक्त भेसळवाल्या दुकानदारांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाले, "जावईबापूंना सांग, मी येतोय. तराजू घेऊन येतोय. आणि जमिनीवरून येतोय."

पलीकडे कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. काकूंनी कपाळावर हात मारला. काका खुर्चीत ताठ बसले. पुढचे तेरा दिवस ते असेच बसले होते असं काकू सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही.

काका म्हणजे वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासले होते, म्हणून सगळ्या इमारतीत ते काटेकाका आणि त्यांच्या पत्नी काटेकाकू. खात्यातून निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, छत्री घेतात. काकांनी खात्याच्या भंगारातून लिलावात एक तराजू घेतला होता. काचेच्या पेटीतला, पितळी दांडीचा, केसाचंही वजन सांगेल असा नाजूक. पेटीच्या तळाशी एक छोटी पाणसळ होती. गोल काचेखाली थोडं द्रव आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की तराजू सपाट बसलाय असं समजायचं. काका रोज सकाळी दात घासायच्या आधी तो बुडबुडा बघत.

हा तराजू मुलीला द्यायचा होता, कारण मुलगी आपली स्वतःची प्रयोगशाळा उघडत होती. त्यामागे एक गोष्ट होती. एका मोठ्या तपासणी कंपनीत तिने अकरा वर्षं काम केलं. एक दिवस तिच्यापुढे सहीसाठी एक अहवाल आला. अहवाल उत्तम होता. त्यात दोष एवढाच की ज्या मालाचा तो अहवाल होता तो माल अजून तपासणीला आलाच नव्हता. मुलीने सही केली नाही, राजीनामा दिला. बातमी कळल्यावर काका फोनवर फक्त "बरं केलंस" एवढंच म्हणाले होते आणि नंतर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले होते.

आता तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, उद्घाटन होतं. बापाने तिथे हात हलवत जायचं? काकांना ते शक्य नव्हतं.

विमान कंपनीला त्यांनी एकदा फोन करून पाहिला, न्याय म्हणून. काच आहे का, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. काच आहे, काका म्हणाले. मग ते खालच्या मालात टाकावं लागेल, बाई म्हणाल्या. "टाकावं" या शब्दावर काकांनी फोन ठेवला.

राहिली रेल्वे. आणि इथून खरं प्रकरण सुरू झालं, कारण काकांनी शेवटचा लांबचा प्रवास केला तेव्हा गाडी म्हणजे गाडी होती. आता वेगवान गाड्यांच्याही जाती निघाल्या होत्या. एक सरळगाडी: नवा रूळ, मध्ये एकही थांबा नाही, तीन तासांत पोचवणार. दुसरी दुमजली: थोडी सावकाश, पण माणसांवर माणसं बसवणारी. तिसरी कलती गाडी: ती जुन्याच वळणावळणाच्या रुळांवरून धावते आणि वळण आलं की वेग कमी न करता सबंध डबा आतल्या बाजूला कलवते. रेल्वेने त्यांना भारदस्त नावं दिली होती, पण लोकांनी ही ठेवली होती आणि तिकीट खिडकीवरही हीच चालत.

काका कधी कुणाचा सल्ला घेत नसत. पण सल्ला असा प्रकार आहे की तो घ्यावा लागत नाही, तो येऊन बसतो. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यातच भेटले.

"काका, डोळे मिटून सरळगाडी! मी परिषदेला गेलो होतो. बसलो, डोळा लागला, पोचलो."

"म्हणजे तुम्ही गाडी बघितलीच नाही."

"बघायचं काय त्यात? दात काढताना माणूस बघतो का?"

समोरच्या दारातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं मत दुमजलीला होतं. "वरच्या मजल्यावर बसा. दृष्टी विशाल होते," त्या म्हणाल्या. त्यांची दृष्टी आधीच इतकी विशाल होती की काटेकाकूंनी बाहेर काय वाळत घातलंय ते त्यांना मागच्या खोलीतूनही कळे.

कलत्या गाडीबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं, आणि या दोघांचं एकमत व्हायची ही सात वर्षांतली पहिलीच वेळ. बाईंचे मेहुणे त्या गाडीने गेले होते आणि उतरल्यावर दोन दिवस भिंतीला धरून चालत होते. "आणि तुमचा तराजू!" बाई म्हणाल्या. "कलत्या गाडीत तराजू नेणं म्हणजे, म्हणजे..." चाळीस वर्षं मुलांना उपमा शिकवलेल्या बाईंना उपमा सुचली नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते काकांना कळलं.

खरं पाहता प्रवासात तराजूची पारडी काढून ठेवतात आणि दांडीला कुलूप असतं. तो थोडा कलला म्हणून काही बिघडत नाही. हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण एकसष्ट वर्षांत तो तराजू कधी कलला नव्हता, आणि त्याला आपल्याच हातून पहिल्यांदा कलताना पाहायचं ही कल्पना काकांना सोसवत नव्हती. तरीही ते निरीक्षक होते. पुराव्याशिवाय कुणालाही दोषी ठरवायचं नाही हा त्यांचा नियम होता.

"किती अंश कलते ती गाडी?" त्यांनी विचारलं.

"सात," दंतवैद्य म्हणाले. मग त्यांचे डोळे चमकले. "काका, माझ्या दवाखान्यातली खुर्ची बटणावर कलते!"

बुधवारी दुपारी तराजू दंतवैद्यांच्या खुर्चीवर बसला. बाकावर एक रोगी तोंडात कापसाचे बोळे धरून वाट बघत होता. त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. काका गुडघ्यांवर बसले, पाणसळीला डोळा लावला. बाईंनी कोनमापक धरला. दंतवैद्यांनी बटण दाबलं.

"एक... दोन... तीन..." बाई मोजू लागल्या.

तिसऱ्या अंशाला बुडबुडा कडेला गेला. पाचव्याला काचेच्या कडेखाली पार दिसेनासा झाला. काकांच्या तोंडून एक आवाज निघाला, जो त्या दवाखान्यात नवा नव्हता. दंतवैद्य घाबरले, त्यांनी उलटं बटण दाबायच्या ऐवजी पाण्याचं बटण दाबलं आणि कारंजं थेट बाईंच्या चष्म्यावर उडालं. बाकावरच्या रोग्याने "आ ऊ आ?" असं काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कापसासकट निघून गेला.

निकाल लागला. कलती गाडी बाद.

गुरुवारी काका सरळगाडीचं तिकीट काढायला स्टेशनवर गेले. खिडकीतल्या बाईंनी हसून स्वागत केलं आणि शेजारी ठेवलेल्या एका लोखंडी चौकटीकडे बोट दाखवलं. सामान या चौकटीतून आरपार गेलं तरच गाडीत. काकांनी घरून पेटीची मापं आणली होती. चौकटीवर रुंदी चाळीस सेंटिमीटर लिहिलेली होती आणि पेटी बेचाळीस भरत होती. कुठलाही साधा माणूस इथून घरी गेला असता.

काकांनी खिशातून पोलादी टेप काढली आणि चौकट मोजली.

"बाई, ही अडतीस पूर्णांक सात भरते."

"म्हणजे?"

"म्हणजे चाळीस लिहून तुम्ही लोकांना अडतीस पूर्णांक सात देताय. दुकानदार असता तर सील ठोकलं असतं."

"पण काका, तुमची पेटी चाळिसातही जात नाही ना?"

"माझ्या पेटीचा प्रश्नच नाही! हा मापाचा प्रश्न आहे!"

मागच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारण त्यांतल्या अर्ध्यांच्या पिशव्या आदल्याच आठवड्यात परत गेल्या होत्या. काकांनी तक्रार लिहिली. ती तिसऱ्या खिडकीवर द्यायची होती, तिथून ती पहिल्या मजल्यावर गेली आणि काकाही तिच्याबरोबर गेले. दोन तासांनी एक साहेब खाली आले, त्यांनी स्वतः चौकट मोजली, काकांशी हस्तांदोलन केलं, रेल्वेतर्फे दिलगिरी व्यक्त केली आणि फर्मान काढलं: चौकट दुरुस्तीला पाठवावी, आणि ती परत येईपर्यंत सरळगाडीत हातातल्या छोट्या पिशवीशिवाय काहीही घेऊ नये.

रांगेने यावेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका मागच्या दाराने बाहेर पडले.

"जिंकून आलात वाटतं," त्यांचा चेहरा बघून काकू म्हणाल्या.

"पूर्णपणे," काका म्हणाले आणि चहा मागितला.

मग दुमजली. ती घरबसल्या संगणकावर काढायची होती. पेटी शेजारी ठेवायची तर तिच्यासाठीही एक जागा घ्यावी, असं काकांनी ठरवलं. जागा घ्यायची तर अर्ज भरायला हवा, आणि अर्जात सामान नावाचा रकाना नव्हता, फक्त प्रवासी होते. नाव विचारलं, तिथे काकांनी 'तराजू' लिहिलं. आडनावाशिवाय अर्ज पुढे सरकेना, म्हणून 'पितळे' लिहिलं. स्त्री की पुरुष यावर घरात वाद झाला. मुख्याध्यापिका बाईंनी तराजू हा शब्द पुल्लिंगी असल्याचा निर्णय दिला. वयाच्या रकान्यात काकांनी प्रामाणिकपणे एकसष्ट लिहिलं.

संगणकाने विचार केला. साठीच्या पुढचे प्रवासी असल्याने श्री. तराजू पितळे यांना सवलत मिळाली, आणि जिने चढायला लागू नयेत म्हणून खालच्या मजल्यावर खिडकीजवळची जागाही मिळाली. काका-काकूंनी आपली वयं त्याहून जास्त लिहिली होती, पण तोपर्यंत खालचा मजला भरला होता. त्यांना वर, जिन्याच्या तोंडाशी.

"तो एकटा खाली बसणार?" काकू म्हणाल्या.

"मी जाऊन येऊन लक्ष ठेवीन," काका म्हणाले. त्यांना स्वतःलाच आपलं म्हणणं पटलं नव्हतं. पण हातात तिकीट होतं, आणि मुलीला त्यांनी तसं कळवलंही.

सोमवारी निरोप आला. ज्येष्ठ प्रवासी श्री. पितळे यांनी मूळ ओळखपत्रासह कार्यालयात समक्ष हजर राहावे.

काका तराजूला घेऊन समक्ष हजर राहिले. टेबलामागच्या कारकुनाने आधी काकांकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग पुन्हा काकांकडे.

"पितळे कुठायत?"

काकांनी पेटीवरचं कापड काढलं. पेटीच्या मागे खात्याचे वर्षावर्षाचे शिक्के होते. "हा घ्या पुरावा. एकसष्ट वेळा तपासलाय, एकसष्ट वेळा पास. असं ओळखपत्र तुमच्या एकाही प्रवाशाकडे नसेल."

कारकुनाने नियमांचं पुस्तक उघडलं. त्याला नियम शोधायचा होता आणि हसूही दाबायचं होतं. शेवटी नियम सापडला. बनावट प्रवासी दाखवल्याबद्दल तिन्ही तिकिटं रद्द, आणि काकांचं खातं तीस दिवस बंद.

"बनावट?" काका उभे राहिले. "चौतीस वर्षं मी बनावट वजनं पकडली. तुम्ही मला बनावट म्हणता?"

"तुम्हाला नाही, काका. पितळ्यांना."

"त्यांना तर मुळीच म्हणायचं नाही!"

त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. म्हणजे कमी जेवले. जावयाचा फोन आला. यावेळी स्पीकर नव्हता आणि आवाज मऊ होता. "बाबा, अजून विमानात जागा आहेत. हट्ट कशाला?"

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. मला वाटतं इथे कुणीही माघार घेतली असती. इतक्या दिवसांच्या तंगडतोडीनंतर काकूंनी तरी. पण काकूंनी फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "आम्ही कलत्या गाडीने येतोय. स्टेशनवर ये." आणि ठेवून दिला.

काका बघतच राहिले.

"बघताय काय?" काकू म्हणाल्या. "आठवडाभर जिन्यात ज्याला त्याला सांगून झालंय. आता विमानाने गेले तर मी परत येऊन त्या बाईंना तोंड कसं दाखवू? कलला तर कलला तराजू. मी एका बाजूने धरीन, तुम्ही दुसऱ्या."

शनिवारी सकाळी दहा चाळीसला कलती गाडी सुटली. तिकिटं खिडकीवर हातोहात मिळाली होती, कारण त्या गाडीला गर्दीच नव्हती. सगळ्यांना कुठला ना कुठला मेहुणा असतो. दोघांनी समोरच्या टेबलावर पेटी ठेवली, एक हात काकांचा, एक काकूंचा. शहर मागे पडलं, टेकड्या जवळ आल्या आणि रूळ वळला.

डबा कलला. खिडकीतून बाहेर पाहावं तर झाडं, घरं, विजेचे खांब सगळं तिरपं. काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांना डोळे मिटायची सोय नव्हती. ते पाणसळीकडे बघत होते.

बुडबुडा मधोमध होता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसरं वळण आलं, उलट्या बाजूचं. सगळं जग दुसरीकडे तिरपं झालं. बुडबुडा केसभर सरकला आणि जागेवर आला.

"अगं!" काकांनी काकूंचा हात इतक्या जोरात दाबला की त्यांनी डोळे उघडले. "अगं, हा हलत नाही!"

"मग हात सोडा."

"तसं नव्हे! बघ, वळणावर गाडी आपल्याला बाहेर ढकलते ना? तेवढाच डबा आत कलतो. तो याला उशी देतो, उशी! खुर्चीवर बुडबुडा सरकला, कारण खुर्ची जागची हलत नव्हती! आम्ही प्रयोगच चुकीचा केला!"

चौतीस वर्षांत काकांनी "चुकीचा केला" हे शब्द हजारो वेळा उच्चारले होते, पण "आम्ही" या शब्दाबरोबर पहिल्यांदाच. आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला होता की त्यांनी ते सगळ्या डब्याला सांगितलं.

तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या. टेबलावर सामान ठेवायला परवानगी नाही, म्हणाल्या. काकांनी बोटाने बुडबुडा दाखवला. बाई वाकल्या. वळण आलं. बाहेर एक सबंध तळं कललं, आणि आत बुडबुडा गप्प बसून राहिला. बाईंनी पुढच्या वळणापर्यंत वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या.

"अठरा वर्षं या गाडीवर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "रोज कुणीतरी शिव्या घालतं की ही वाकडी चालते म्हणून." आणि टेबलावरच्या सामानाचा विषय निघालाच नाही.

इथे गोष्ट सुखाने संपायला हरकत नव्हती. पण दुपारी एकच्या सुमाराला डब्यात घोषणा झाली: तांत्रिक कारणाने गाडीची कलण्याची यंत्रणा बंद करण्यात आली आहे, गाडी कमी वेगाने धावेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. प्रवाशांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणीतरी "चला, सरळ झाली एकदाची" असंही म्हणालं. पुढचं वळण आलं. डबा सरळ राहिला आणि बुडबुडा कडेला सरकला.

काका उठले आणि दोन डबे ओलांडून तपासनीस बाईंना गाठलं. "ही गाडी सरळ का झाली?"

"यंत्रणा बंद पडली, काका."

"मला कललेली गाडी हवी. मी कलत्या गाडीचं तिकीट काढलंय!"

असली तक्रार त्या गाडीच्या इतिहासात पहिलीच असावी. बाईंनी तक्रारवही दिली. काकांनी दोन पानं लिहिली, आकृती काढून. यंत्रणा त्याने सुरू झाली नाही, पण बाईंनी ती पानं मोठ्याने वाचून दाखवायची परवानगी मागितली आणि दोन डब्यांनी ती ऐकली.

तीन दहाला पोचणारी गाडी साडेचारला पोचली. फलाटावर जावई उभा होता. काकांनी त्याच्या तोंडावर "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य शोधलं. ते सापडलं नाही. त्याचा चेहरा वेगळाच होता.

"लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला आणि पेटीची एक बाजू धरली.

जिना तीस पायऱ्यांचा होता. सासरे वर, जावई खाली. "तुझी बाजू दोन बोटं वर घे. एक बोट कमी. थांब. श्वास घे," असं काका सांगत होते आणि जावई निमूटपणे करत होता. मधल्या टप्प्यावर तो थांबला.

"बाबा, आत जाण्याआधी सांगतो. चोवीस खुर्च्या मांडल्यात. चार भरल्यात. प्रमुख पाहुण्यांचा निरोप आला, तब्येत बरी नाही. तिच्या जुन्या साहेबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले होते की तिकडे जाऊ नका." त्याने घाम पुसायला हात उचलला आणि पेटी कलेल म्हणून तसाच परत पेटीखाली घातला. "ती दाराशी उभी आहे. फीत कापत नाही. म्हणते, बाबा आल्याशिवाय नाही."

"मग उभा काय राहिलास?" काका म्हणाले. "चल!"

उरलेल्या पंधरा पायऱ्या त्यांनी कशा चढल्या ते त्यांनाही आठवत नाही. टॅक्सीत पेटी जावयाच्या मांडीवर होती.

प्रयोगशाळा एका छापखान्याच्या शेजारी होती. खुर्च्यांवर घरमालकीण होती, छापखान्याचा मालक होता, त्याचा झोपलेला भाऊ होता, आणि मांडीवर पिशवी घेतलेली एक साबण बनवणारी बाई होती. मुलीने बापाला पाहिलं, पेटीला पाहिलं, आणि तिचा ओठ हलला. "रडायचं नंतर," काका म्हणाले. "आधी टेबल दाखव."

फीत काकूंनी कापली. प्रमुख पाहुणे न आल्यामुळे झालेला हा एकमेव फायदा, पण मोठा.

टेबल सपाट नव्हतं. काकांनी सगळा कार्यक्रम थांबवला. जावई टेबलाखाली शिरला आणि पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवू लागला. काका बुडबुड्याला डोळा लावून "अजून... अजून... पुरे" म्हणत होते, तोच दारात एक गृहस्थ आले. हातात मोठा गुच्छ, चेहऱ्यावर मोठं हसू. मुलीचे जुने साहेब. कोण कोण आलंय ते बघायला आले होते, आणि रिकाम्या खुर्च्या त्यांनी फार सावकाश मोजल्या.

"अभिनंदन," ते म्हणाले आणि टेबलापाशी येऊन वाकले. "हे काय? संग्रहालय काढलंय का?"

काकांनी उत्तरासाठी छाती भरून घेतली. पण उत्तर टेबलाखालून आलं.

"साहेब, जरा मागे व्हा," जावई म्हणाला. "तुमच्या बोलण्याचा वारा लागतोय त्याला."

छापखान्याच्या मालकाचा भाऊ जागा झाला. साहेबांचं हसू तोंडावर होतं तिथेच राहिलं, पण ते दोन पावलं मागे सरले. मुलगी त्यांच्याकडे न बघता साबणवाल्या बाईंकडे वळली. "द्या ताई, तुमचा नमुना."

बाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला साबणाचा चुरा काढला. "मला नक्की काय आहे ते कळायला हवं," त्या म्हणाल्या. "चांगलं आलं नाही तरी चालेल. खरं हवं."

"खरंच मिळेल," मुलगी म्हणाली.

खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. काकांनी पारडी अडकवली, एका पारड्यात मुलीने चुरा ठेवला, दुसऱ्यात चिमट्याने वजनं. मग काकांनी दांडीचं कुलूप सोडलं आणि हात मागे घेतला. दांडी जागी झाली. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. घरमालकिणीने तोंडावर पदर धरला. साहेबांनीही, गुच्छ छातीशी धरून, श्वास रोखला.

काटा लहान लहान झोके घेऊ लागला. साबणवाल्या बाईंना राहवेना. त्या अगदी हळू म्हणाल्या, "आता बोललं तर चालेल का?"

"नाही!" चार आवाज एकदम आले. काकांचा, काकूंचा, मुलीचा, आणि टेबलाखालून जावयाचा.